पिंजऱ्याच्या आतून दिसलेला प्रयोग

विज्ञानाच्या शिक्षकाने मुलांना सुचवायचे पुस्तक म्हटले की शास्त्रज्ञांची चरित्रे, शोधांच्या कथा किंवा फार तर विज्ञानकथांचा एखादा संग्रह आपल्या डोळ्यांसमोर येतो. ज्या गोष्टीत प्राणी बोलतात ती आपण भाषेच्या शिक्षकांकडे सोपवतो, आणि तीही पाचवीच्या आत. या वेळी आम्ही ज्या कादंबरीची शिफारस करणार आहोत तिच्यात उंदीर बोलतात, कावळा बोलतो, घुबड सल्ला देते. तरीही ती सातवी ते नववीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला वाचून दाखवावी, असे आमचे म्हणणे आहे.

कादंबरीचे नाव 'मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम'. लेखक रॉबर्ट सी. ओब्रायन. हे टोपणनाव, खरे नाव रॉबर्ट लेस्ली कॉन्ली. ते अमेरिकेत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात काम करीत आणि १९७३ साली वारले. कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि १९७२ चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. मुलांच्या उत्तम पुस्तकासाठी हे पदक अमेरिकन ग्रंथालय संघटना १९२२ पासून देत आली आहे. 'निम' ही आद्याक्षरे आहेत. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ या सरकारी संस्थेची ती आहेत, आणि ही संस्था खरीखुरी आहे.

पुढे जाण्यापूर्वी भाषेची एक अडचण. मराठीत 'उंदीर' या एकाच शब्दात इंग्रजीतले माऊस आणि रॅट दोन्ही येतात. मोठ्याला घूस म्हणावे, तर घूस म्हणजे बँडिकूट, म्हणजे प्रजातीच निराळी. या गोष्टीत तर लहानमोठ्याचा फरक पदोपदी लागतो. स्वयंपाकघराच्या ज्या भोकातून उंदीर जातो त्यातून रॅट जाऊ शकत नाही, आणि कथेतला एक मृत्यू त्या भोकामुळेच झालेला आहे. म्हणून या लेखात लहान तो उंदीर आणि मोठा तो रॅट असे आम्ही ठरवून टाकले आहे. वर्गातही असेच करावे आणि पहिल्याच दिवशी दोघांची चित्रे फळ्यावर शेजारी शेजारी, प्रमाणात काढावीत. घरातला उंदीर २० ग्रॅमच्या आसपास, तर पूर्ण वाढलेला तपकिरी रॅट ३०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरतो. हा आकडा पुढे हिशेबाला लागणार आहे.

गोष्टीची सुरुवात अगदी घरगुती आहे. फ्रिस्बीबाई ही विधवा उंदरीण, तिला चार पिले. हिवाळ्यात त्यांचे बिऱ्हाड फिट्झगिबन नावाच्या शेतकऱ्याच्या भाजीच्या मळ्यात, जमिनीत रुतलेल्या सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यात असते. मळ्याची नांगरट होण्याआधी ओढ्याकाठच्या उन्हाळी घरी जायचे, हा दरवर्षीचा शिरस्ता. या वर्षी मात्र टिमथी हे पिलू न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले आहे. गार हवेत बाहेर काढावे तर ते दगावेल, घरात ठेवावे तर नांगर घर फोडून जाईल. ट्रॅक्टरचा एक सुटा भाग यायचा आहे, तेवढी चारपाच दिवसांची सवड. इतका साधा आणि इतका घट्ट पेच मुलांच्या पुस्तकात क्वचितच पाहायला मिळतो. यात दुष्ट कोणी नाही. शेतकरी आपले शेत नांगरतो आहे, इतकेच.

तिने जीव वाचवलेला एक कावळा तिला पाठीवर बसवून घुबडाकडे नेतो. उंदरिणीने घुबडाच्या ढोलीत जायचे! इथपर्यंत आपण पंचतंत्रातच आहोत. हिरण्यक उंदीर आणि त्याचे मित्र आपल्या मुलांना माहीत आहेतच, त्यामुळे ती या जगात सहज रुळतात. घुबड तिला गुलाबाच्या झुडपाखाली राहणाऱ्या रॅटांकडे जायला सांगते आणि एक निरोप देते: घर दगडाच्या आडोशाला हलवावे. फ्रिस्बीबाईला त्याचा अर्थ कळत नाही. रॅटांना तो ऐकताक्षणी कळतो.

हा आडोसा म्हणजे काय, ते वाचन थांबवून मुलांना विचारावे. मळ्यात एक मोठा खडक आहे. नांगर सरळ रेषेत येतो, खडकापाशी त्याला वळसा घालावा लागतो, आणि खडकालगतची थोडी जमीन नांगरायची राहून जाते. घर तेवढेच सरकवले की वाचले. शेतकरी घरातली मुले हे लगेच सांगतील. शहरातल्या मुलांना फळ्यावर आकृती काढावी लागेल. भूगोलाच्या पुस्तकातला 'वातविन्मुख' हा शब्द, जो मुले पर्जन्यछायेच्या प्रदेशापुरता पाठ करतात, तोही इथे नांगराच्या निमित्ताने जिवंत होतो.

मग फ्रिस्बीबाई झुडपाखाली उतरते आणि कादंबरीचा पोतच बदलतो. बिळात विजेचे दिवे आहेत, पाळणा आहे, ग्रंथालय आहे, सभा भरल्या आहेत. हे रॅट वाचतात. ते असे का, हे त्यांचा म्होरक्या निकोडेमस तिला सांगू लागतो, आणि चौदाव्या प्रकरणापासून आपण प्राणीकथेतून बाहेर पडून एका प्रयोगशाळेत येतो. शहरातल्या बाजारात माणसे जाळी टाकून रॅट पकडतात. त्यांना संस्थेत नेले जाते आणि डॉ. शुल्ट्झ आपल्या दोन मदतनिसांसह त्यांचे गट पाडतात. एका गटाला एक इंजेक्शन, दुसऱ्याला दुसरे, तिसरा गट तुलनेसाठी. मग चक्रव्यूह, विजेचे सौम्य झटके, अक्षरांची ओळख आणि पुन्हा इंजेक्शने.

या कादंबरीत चार प्रकारच्या कथा एकमेकींत मिसळल्या आहेत असे सहज म्हणता येईल: प्राणीकथा, विज्ञानकथा, तुरुंगातून निसटण्याची साहसकथा आणि एक नवा समाज उभारण्याचे स्वप्न. परंतु मिश्रण आहे एवढ्यावर आम्ही पुस्तक सुचवले नसते. मिश्रणे पुष्कळ असतात. बहुतेकांत लेखकाला एका प्रकारात अडचण आली की तो दुसऱ्यात पळ काढतो. विज्ञान अडले की जादू, जादू अडली की स्वप्न. ओब्रायन यांनी हे एकदाही केलेले नाही. प्राणी एकमेकांशी बोलू शकतात, ही एकच अशक्य गोष्ट ते सुरुवातीला वाचकाकडून मागून घेतात. इंजेक्शनाने बुद्धी वाढते, ही दुसरी. त्यानंतर मात्र प्रत्येक गोष्टीची किंमत रोख मोजली जाते. औषध हवे असेल तर ते वनस्पतींपासून पुड्या तयार करणाऱ्या म्हाताऱ्या पांढऱ्या उंदराकडून, लांबचा रस्ता तुडवून आणावे लागते. मांजराला झोपवायचे तर कोणाला तरी जिवावर उदार होऊन त्याच्या खाण्यात पूड टाकावी लागते. फ्रिस्बीबाईचा नवरा त्यातच गेला. आणि घर हलवायचे तर ते कप्प्या, दोर आणि लाकडी रूळ लावून, मध्यरात्री, मोजून मापून हलवावे लागते.

हा हिशेब मुलांनी करून पाहण्यासारखा आहे. बांधकामाचा पोकळ सिमेंट ठोकळा साधारण १५ ते १७ किलोचा असतो. ३०० ग्रॅमचा रॅट आपल्या वजनाइतका जोर लावू शकतो असे धरले, तर नुसता उचलायला किती रॅट लागतील? दोन हलत्या कप्प्या लावल्या तर किती? आत माती भरलेली असेल तर? रुळांवरून ओढताना कोणते बल महत्त्वाचे, वजन की घर्षण? साध्या यंत्रांच्या पाठातली उदाहरणे ज्या मुलांना कंटाळवाणी वाटतात, त्या मुलांना टिमथी आत झोपला आहे हे एकदा कळले की उत्तराची घाई होते, असा आमचा अंदाज आहे. पाहावा करून.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही दाखवता येईल. या कादंबरीवर डॉन ब्लूथ यांनी १९८२ साली 'द सीक्रेट ऑफ निम' हा चित्रपट काढला. चित्रे सुरेख आहेत. पण चित्रपटात फ्रिस्बीबाईला (तिथे ती ब्रिस्बी झाली आहे) एक चमकणारे जादूचे पदक मिळते आणि चिखलात बुडणारे घर त्या पदकाच्या सामर्थ्याने वर उचलले जाते. आमच्या मते या एका बदलाने मूळ गोष्टीचा कणाच काढून घेतला. जे रॅट वाचायला शिकून, हत्यारे जमवून, आकडेमोड करून घर हलवतात, त्यांची सगळी विद्या पदकापुढे फिकी पडते. शक्य असल्यास कादंबरी संपल्यावर मुलांना हा भाग दाखवावा आणि काय हरवले ते त्यांनाच शोधू द्यावे.

प्रयोगशाळेचा भाग हा आमच्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा. विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोग नेहमी बाहेरून सांगितलेला असतो: इतके प्राणी घेतले, असे गट केले, असे निरीक्षण केले. इथे तोच प्रयोग पिंजऱ्याच्या आतून सांगितला आहे. चक्रव्यूहाच्या टोकाशी निकोडेमसला हिरवळ दिसते. तो जिवाच्या आकांताने धावतो, तर हिरवळीऐवजी पुन्हा बंदिवासच. बाहेर कोणीतरी घड्याळ लावून सेकंद मोजत असते. तोच प्रसंग, दोन नोंदी. विलार्ड स्मॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास, इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्टच्या बागेतल्या चक्रव्यूहाचा नमुना घेऊन रॅटांसाठी चक्रव्यूह बनवला, तेव्हापासून लाखो रॅट अशा वाटांवरून धावले आहेत. त्यांतल्या एकाची बाजू ऐकायला मिळते आहे, असे वाचताना वाटत राहते.

डॉ. शुल्ट्झ क्रूर नाहीत, हे मुद्दाम नोंदवायला हवे. ते मन लावून काम करणारे, नेटके, निकालांनी हरखून जाणारे संशोधक आहेत. त्यांची प्रयोगरचनाही चांगली आहे. तुलनेचा गट कशासाठी, त्या गटालाही नुसती सुई टोचणे का आवश्यक असते, एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे सगळे या दोनतीन प्रकरणांवरून शिकवता येईल. तरीही त्यांच्या हातून एक फार मोठी गोष्ट निसटते. रॅटांना चित्रे व अक्षरे जोडून दाखवली जातात आणि ते किती अक्षरे ओळखतात याची नोंद होते. पण अक्षरे जोडून शब्द होतो, शब्दाला अर्थ असतो आणि तो अर्थ आपल्या कामाला येऊ शकतो, ही गोष्ट रॅटांच्या ध्यानात येते ती प्रयोगाच्या बाहेर. पिंजऱ्याचे दार कसे उघडावे याची सूचना पिंजऱ्यावरच छापलेली असते. मदतनिसांच्या सोयीसाठी ती तिथे आहे. आतल्या कोणाला ती वाचता येईल असे कोणाच्याही मनात आलेले नाही. एका रात्री रॅट ती वाचतात आणि दार उघडतात.

शिक्षकांनी या जागी थोडे थांबावे. डॉ. शुल्ट्झ यांनी जे मोजायचे ठरवले होते तेवढेच त्यांना दिसले. विद्यार्थी त्याच्या कितीतरी पुढे गेले होते, आणि त्याची नोंद घ्यायला तक्त्यात रकानाच नव्हता. आपल्या चाचण्यांतही असे रकाने नसतात. पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलाला वाचता येते असे आपण धरून चालतो, आणि न म्हणणाऱ्याला येत नाही असे.

गटांच्या बाबतीतही तसेच. अ गट, ब गट, क गट. आपल्या अनेक शाळांत तुकड्या गुणांवरून पाडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. 'अ' तुकडी हुशारांची, शेवटची तुकडी 'ढ' मुलांची, आणि हे मुलांनाही पाठ असते. या संदर्भात रॉबर्ट रोझेंथाल या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह केलेला आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगण्यासारखा आहे. मानसशास्त्राच्या १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच रॅट दिले. निम्म्यांना सांगितले की तुमचे रॅट चक्रव्यूहात हुशार ठरलेल्या वंशातले आहेत; उरलेल्यांना सांगितले की तुमचे मंद वंशातले. प्रत्यक्षात सगळे रॅट सारखेच होते, वाटणी चिठ्ठ्या टाकावी तशी केली होती. तरी 'हुशार' रॅटांची कामगिरी सरस निघाली. ज्यांना आपले रॅट हुशार वाटत होते त्यांनी त्यांना अधिक मायेने हाताळले होते. पुढे १९६८ साली रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी शिक्षकांच्या अपेक्षांचा मुलांच्या प्रगतीवर काय परिणाम होतो यावर पुस्तक लिहिले. शाळेतल्या त्या निष्कर्षांवर बराच वाद झाला, आणि परिणाम सुरुवातीला वाटला त्याहून लहान असावा असे नंतरच्या अभ्यासांतून दिसते. म्हणून त्याचे ढोल वाजवण्याचे कारण नाही. पण डॉ. शुल्ट्झ यांना कोणता रॅट कोणत्या गटातला हे माहीत असताना त्यांनीच धावण्याचे सेकंद मोजणे बरोबर होते का, हा प्रश्न नववीच्या मुलांना जरूर विचारावा. 'क' तुकडीत विचारला तर अधिक चांगली उत्तरे मिळतील.

संस्थेविषयी दोन शब्द. जॉन कॅलहून हे वर्तनशास्त्रज्ञ निममध्ये खरोखरच रॅट आणि उंदरांवर काम करीत होते, आणि कादंबरीची कल्पना त्यांच्या कामावरून सुचली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांचा विषय मात्र बुद्धी नव्हता, गर्दी होता. अन्नपाणी मुबलक, शत्रू कोणी नाही, फक्त जागा मर्यादित, अशा स्थितीत प्राण्यांचे काय होते हे ते पाहत. १९६८ साली चार जोड्यांपासून सुरू केलेली त्यांची एक उंदरांची वसाहत २,२०० पर्यंत वाढली. मग प्रजनन थांबले, आणि १९७३ पर्यंत ती नामशेष झाली. यावरून माणसांच्या शहरांविषयी घाईने काढलेले निष्कर्ष वर्तमानपत्रांत खूप गाजले. त्यांतले बरेच टिकण्यासारखे नाहीत. कादंबरीत मात्र याचे उलटे चित्र आहे. आयते सुख नको म्हणून रॅटच वसाहत सोडायचे ठरवतात.

कारण सुटून आलेले रॅट शेतकऱ्याच्या विजेवर आणि धान्यावर जगत असतात. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर त्यांनी आकडा टाकलेला असतो! वर्गात हशा पिकेल, पिकू द्यावा. निकोडेमसला हे खुपते. दूरच्या काटेरी रानातल्या एका खोऱ्यात जाऊन, स्वतः नांगरून, पेरून, चोरी न करता जगावे अशी त्याची योजना. जेनर हा त्याचा जुना मित्र म्हणतो, माणसांकडे इतके आहे की आपण घेतलेले त्यांना कळतही नाही. मग आपण पुन्हा अश्मयुगात का जावे? जेनरचा युक्तिवाद लेखकाने कमकुवत केलेला नाही, हे आम्हाला विशेष आवडले. वादविवादासाठी याहून चांगला विषय मुलांना मिळणार नाही. याच भागात एका गावातल्या बाईने व्हॅक्यूम क्लीनर आणल्याची छोटी गोष्ट येते. मग सगळ्या शेजारणी तो घेतात, त्यांच्यासाठी कारखाना उभा राहतो, विजेची मागणी वाढते, धुराने घरे पूर्वीपेक्षा जास्त मळतात आणि बायकांना पूर्वीपेक्षा जास्त झाडलोट करावी लागते. पर्यावरणाच्या तासाला ही एवढी गोष्ट सुटी सांगितली तरी चालेल.

आता जिथे शिक्षकाने सावध राहायचे त्या जागा. इंजेक्शनांमुळे रॅटांच्या डीएनएत बदल होऊन जणू नवी प्रजाती तयार झाली, असे कादंबरी सुचवते, आणि प्रयोगशाळेतून सुटलेल्या उंदराची पिलेही चटकन वाचायला शिकतात. प्रौढ प्राण्याला टोचलेल्या औषधाने मेंदूत बदल झाला असे क्षणभर मानले, तरी तो पुढच्या पिढीत उतरायचा तर जनन पेशींत व्हायला हवा. जिराफाने मान ताणल्याने पिलाची मान लांब होत नाही, हेच इथेही लागू. १९९९ साली प्रिन्स्टन विद्यापीठात जो त्सिएन आणि सहकाऱ्यांनी शिकण्यात व लक्षात ठेवण्यात सरस ठरलेले उंदीर तयार केले, तेव्हा जनुकातला बदल गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला केलेला होता, मोठ्या उंदराला टोचून नव्हे. आणि ते उंदीर वाचू लागले नाहीत. पाण्यातली लपलेली जागा थोडी लवकर शोधू लागले, इतकेच.

दुसरी जागा उत्क्रांतीची. रॅट एके काळी सर्व प्राण्यांच्या पुढे होते, पण चोरीच्या आयत्या जगण्याने मागे राहिले, असे निकोडेमस ग्रंथ वाचून ठरवतो. उत्क्रांती ही शर्यत आहे आणि तिच्या शेवटी माणूस उभा आहे, हा समज यातून पक्का होऊ शकतो. तपकिरी रॅट अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर पसरला आहे. तो कशात मागे पडला, असे मुलांना उलट विचारावे.

तिसरे न्यून साहित्यिक आहे आणि आम्हाला ते अधिक खटकते. कादंबरीची नायिका सबंध पुस्तकभर 'मिसेस फ्रिस्बी' आहे. तिचे स्वतःचे नाव आपल्याला कळत नाही. घुबड तिला दाद देते ते दिवंगत नवऱ्याचे नाव ऐकून. रॅटांच्या सभेत बोलणारे सगळे पुरुष. आणि हे सगळे असूनही पुस्तकातले सर्वांत धाडसाचे काम, मांजराच्या भांड्यात पूड टाकणे, तीच करते, बुद्धी वाढवणारे कोणतेही इंजेक्शन न घेता. तिथेच ती पकडली जाते, पिंजऱ्यात कोंडली जाते, आणि पिंजऱ्यातून ऐकलेल्या बोलण्यामुळेच रॅटांची वसाहत विषारी वायूपासून वाचते. लेखकाला तिचे मोल माहीत होते. नाव द्यायचे मात्र त्याला सुचले नाही. मुलींना हे विचारल्याशिवाय राहू नये.

वाचनाच्या व्यवस्थेविषयी. एकूण २८ प्रकरणे आहेत, बहुतेक छोटी. इंग्रजी सोपे आहे. आठवी-नववीची इंग्रजी वाचनाची सवय असलेली मुले स्वतः वाचू शकतील. मराठी माध्यमाच्या वर्गात शिक्षकाने पुस्तक हातात ठेवून गोष्ट मराठीत सांगावी, असे आम्ही सुचवू. शब्दशः भाषांतराच्या फंदात पडू नये. आठवड्याला दोन प्रकरणे घेतली तर एका सत्रात पुस्तक होते. चक्रव्यूह आणि अक्षरांची प्रकरणे मात्र घाईने उरकू नयेत. तिथे एकेका प्रकरणाला पूर्ण तास द्यावा. ज्या शाळांत पांढरे उंदीर पाळलेले आहेत किंवा प्राण्यांचे विच्छेदन कधीकाळी होत असे, तिथे प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रश्न मुले आपणहून काढतील. त्याला दोन्ही बाजू आहेत. लसी आणि औषधे या प्राण्यांच्या जिवावर आपल्यापर्यंत आली आहेत, आणि प्रयोगांत प्राणी कमीत कमी वापरावेत, शक्य तिथे पर्याय शोधावा, यातना कमी कराव्यात, ही तत्त्वे विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ सालीच मांडली आहेत. भारतात प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समितीही त्याखालीच येते. शिक्षकाने निकाल देऊ नये. पुस्तकानेही दिलेला नाही.

शेवटाविषयी एक सूचना आहे. विषारी वायू सोडणारी माणसे येतात तेव्हा त्यांना चकवण्यासाठी काही रॅट मागे थांबतात. त्यांतले दोघे बिळात मरतात. एकाने बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाऊन सोबत्याला वाचवलेले असते. तो कोण, हे लेखक सांगत नाही. फ्रिस्बीबाईला एकाचा दाट संशय आहे, आपल्यालाही येतो, पण पुरावा नाही. मुलांना हे सहन होत नाही आणि ती नाव मागतात. नाव देऊ नये. कोणत्या प्रकरणातल्या कोणत्या वाक्यावरून काय अनुमान निघते, ते पुरेसे आहे की नाही, याची यादी त्यांनाच करू द्यावी. लेखकाच्या मुलीने, जेन लेस्ली कॉन्ली यांनी, १९८६ आणि १९९० साली या कथेचे आणखी दोन भाग लिहिले आहेत. पहिल्या भागात या कोड्याचे उत्तर मिळते, म्हणून तो भाग वर्गातल्या कपाटात यादी पुरी होईपर्यंत ठेवू नये.